एक रिंग

मंगळवार, किन्हवली. संध्याकाळ.

सुनंदा रागावून माहेरी टोकावड्याला गेली, त्याला पंधरवडा होत आला. जाताना म्हणाली, "तुमी बोलवा, मी येते." बोलावलं नाही. तिची आठवण आली की मिस्ड कॉल देतो. एक रिंग, मग बंद. ती लगेच उलटा फोन लावते आणि मी म्हणतो, "चुकून लागला." लावते की नाही, एवढंच बघायचं असतं. पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून वाइंड करायला मी स्वतःच शिकलो. चालवून बघितल्याशिवाय एकही मोटार गिऱ्हाइकाला देत नाही. पण बायको म्हणजे काय मोटार आहे?

आज तिचा फोन आला नाही. तासाभराने पुन्हा एक रिंग दिली. तरी नाही.

सकाळीच शहापूरच्या डॉक्टरांना विचारलं होतं, हे असं तिला पारखत राहणं माझ्या बायपोलर आजारामुळेच ना? म्हणाले, "गोळ्या वेळेवर आहेत, झोप चांगली आहे. सगळंच आजारावर ढकलू नका. माणूस सोडून जाईल या धास्तीने तुम्हीच त्याला आधी दूर करता." राग आला. एक गोळी चुकवत नाही मी. मग हा स्वभावच का माझा? त्याला गोळी कुठली?

दिवेलागणीला परत फोन लावला. एका रिंगनंतर बोट सवयीने लाल बटणाकडे गेलं, ते आवरलं. पाचव्या रिंगला तिने उचलला.

"चुकून लागला ना?"

"नाय गो."

पुढे "ये" एवढंच म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना. फोनमध्ये तिच्या दारावरून जाणाऱ्या एसटीचा आवाज आला. तो विरला, तरी तिने फोन ठेवला नव्हता.