हरण्या घरात येतो

कोयनानगर, ८ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस, पल्लवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दिवाळीला माहेरी आलो तेव्हा तुम्ही ऋचाला दिलेलं पिल्लू सुखरूप पोचलं. घाटात दोनदा ओकलं, दोन्ही वेळा तुमच्या जावयांच्या बुटात. ऋचानं नाव ठेवलंय हरण्या. नावाइतका गरीब मात्र नाही. चपला, केरसुणी, सासूबाईंच्या साडीचा पदर, जे दिसेल ते चावतो. आणि शू कुठेही. काल देव्हाऱ्यासमोरच केली.

सासूबाईंनी निक्षून सांगितलं की कुत्रं व्हरांड्यात राहील, उंबऱ्याच्या आत नाही. पण आबा, कॉलनीत बिबट्या फिरतोय. शेजारच्या मानसिंगभाऊंचं चांगलं मोठं कुत्रं त्यानं अंगणातून उचललं. रात्री आम्ही हरण्याला न्हाणीत कोंडतो, तर तो केकाटून कोणाला झोपू देत नाही. ऋचा रोज रडते. याला वळण कसं लावू?

आईला नमस्कार. माया आहेच, उत्तर लवकर धाडा.

तुमची,
पल्लवी

कवठे महांकाळ, १४ नोव्हेंबर

चि. सौ. पल्लवीस आबाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. बुटाचं वाचून लय हसलो, जावईबापूंना सांगू नगं. पोरी, आपली कुत्री मेंढरांमागं माळावर वाढली. घरातल्या कुत्र्याला शिकवायचं कसं, मला ठावं न्हाई. तुझी आई म्हणती, ल्हान पोरागत कर, खाल्लं की भाईर ने. मी म्हणतो, मारू नगा.

पर विहीणबाईंचं घर हाय, त्यास्नी तरास नगं. आन पिल्लू बिबट्याच्या तोंडी बी द्यायचं न्हाई. म्हैनाअखेरीला येतो आन हरण्याला माघारी आणतो. ऋचाला समजाव. माझ्यावर रागवली तरी चालंल.

तुमच्याकडं समद्यांनी जपून ऱ्हावं. जीव तुमच्यापाशीच हाय.

कोंडीबा

कोयनानगर, २१ नोव्हेंबर

श्री. कोंडीबा व्याही यांस, अनसूयाचा स. न. वि. वि.

पल्लवी लिहायला बसली होती. मीच तिच्या हातातून कागद घेतला.

मंगळवारी दिवेलागणीला घरी मी एकटी होते. आमचा विश्वजित कामावर, मायलेकी शाळेच्या संमेलनाच्या तालमीला. हरण्याला माझ्याच सांगण्यावरून व्हरांड्यात बांधलेलं. त्याचं केकाटणं एकाएकी थांबलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी हातातलं काम टाकून दाराशी धावले. दार उघडलं, तर कुंपणापाशी बिबट्या बसलेला! हरण्या भिंतीला चिकटून थरथरत होता. गाठ सुटेना, तेव्हा गळपट्ट्यातून त्याचं डोकंच ओढून काढलं, आत आले आणि कडी घातली. मग दाराला पाठ लावून खाली बसले, तो मांडीवर. भीतीनं त्यानं माझी साडी भिजवली. एरवी ओरडले असते, तेव्हा मात्र पदरानंच त्याला पुसलं.

वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेलीत. बिबट्या सापडेपर्यंत अंधारात कोणी बाहेर पडत नाही. उजेडी मात्र दूधभाकरी झाली की त्याला परसात मीच नेते. काल दुपारी तो आपण होऊन मागच्या दाराशी गेला आणि माझ्याकडे बघून कुंईं केलं. बाहेर नेलं तर लगेच शू! मी एवढ्या मोठ्यानं सगळ्यांना हाका मारल्या की मानसिंगभाऊ काठी घेऊन धावत आले. आज सकाळी परत सतरंजीवर केली म्हणा. शिकेल हळूहळू.

तुम्ही दोघंही जरूर या, चार दिवस राहा. हरण्याला न्यायचं नाव मात्र काढू नका. ऋचा रागावेल ते सोडा, मीच नेऊ देणार नाही.

पत्र टपालात पडायला जरा उशीर होईल. तो माझ्या पावलावर डोकं ठेवून झोपलाय, उठता येत नाही. आपुलकी अशीच राहू द्या.

आपली,
अनसूया