ओळख पटली

अल नहदा, शारजा
मंगळवार, २७ ऑक्टोबर २००९

प्रिय वेदांग,

शुक्रवारचा प्रसादाचा शिरा मी डब्यात भरून घरी आणला आणि तसाच कचऱ्यात ओतला. एवढ्या वर्षांत प्रसाद टाकायची माझी ही पहिलीच वेळ. बाबा बघत होते, पण त्यांनी अडवलं नाही. तुला फोनवर सांगायला गेले असते तर 'आई, लीव्ह इट ना' म्हणून तू विषय संपवला असतास. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शेजारचा इद्रीस उद्या तुझ्या रास अल खैमाला जातोय, त्याच्या हाती देते. सोबत चकल्या आहेत.

मंडळ सुरू झालं तेव्हा तू तिसरीत होतास, आठवतंय? आपल्याच हॉलमध्ये दादामहाराजांचा फोटो, शुक्रवारची आरती, आणि मग जो येईल त्याला जेवण. नीलिमामावशी भाताचं पातेलं तिच्या मजल्यावरून लिफ्टने आणायची आणि तू दार धरून उभा राहायचास. जेवायला आलेल्याला कुणी कधी नाव विचारलं नाही. पुढे चंद्रशेखरकाकांनी मंडळाला व्हिला मिळवून दिला आणि हळूहळू काका म्हणजेच मंडळ, असं झालं. तक्रार करायला जावं तर म्हणायचे, वहिनी, हे दादामहाराजांचं राज्य आहे, मी फक्त सेवक. देवाला पुढे करून बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

गेल्या हिवाळ्यापासून कामं बंद पडली, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि शुक्रवारी जेवायला येणारे वाढले. व्हिसा कॅन्सल झालेले, पगार अडकलेले, तिकिटाची वाट बघत बसलेले. त्यांतले कितीतरी आपले जुने सभासद. चंद्रशेखरकाकांना ही गर्दी डोळ्यांत खुपायला लागली. पंगत फक्त 'लीगल' सभासदांसाठी ठेवावी, असं त्यांनी काढलं. नीलिमामावशी म्हणाली, पंगत सगळ्यांसाठीच राहील. म्हणून ती त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. निवडणूक एवढ्या एका गोष्टीवर होती, तुला हे ठाऊक होतं.

मग तो नियम आला. मत देणाऱ्याने मूळ पासपोर्ट दाखवायचा, आत चालू व्हिसा हवा, झेरॉक्स चालणार नाही. खरं सांगू, मला तेव्हा तो बरा वाटला होता. मागच्या खेपेला कुणी भावाच्या नावावर मत देऊन गेलं होतं. पुण्यात लोक कार्ड दाखवूनच मत देतात की! देवाच्या कामात गडबड नको, असं चंद्रशेखरकाका म्हणाले, तेव्हा मीही मान हलवली. सगळ्यांना नावाने ओळखतात म्हणून टेबलापाशी विभावरीवहिनी, म्हणजे मी, बसणार असं ठरलं. पासपोर्टातला फोटो बघायचा, माणसाचं तोंड बघायचं आणि मोठ्याने 'ओळख पटली' म्हणायचं. गंमत बघ, बाबांची नोकरी सुटली तेव्हा त्यांच्याबरोबर माझाही व्हिसा गेलेला, त्यामुळे मला स्वतःला मत नव्हतं.

इद्रीसला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं होतं. तो हसला. जूनमध्ये तो त्याच्या देशाच्या, इराणच्या निवडणुकीसाठी दुबईत रांगेत उभा होता ना! त्यांच्या जन्मदाखल्याच्या वहीत मत दिल्याचा शिक्का मारतात. भाऊ तिकडे सरकारी शाळेत मास्तर, वहीत शिक्के नसले तर उद्या कुणी विचारेल, ही घरात भीती. म्हणून सगळं घर शिक्क्यासाठी मत देतं. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, हबीबी, मुल्ला लोग को मेरा वोट नहीं चाहिए, मेरा किताब देखना है. उभं कोण राहणार ते वर आधीच गाळून घेतलेलं असतं, खाली नुसती हजेरी. मी म्हटलं, आमच्याकडे तसं नाही. तो चहा पीत राहिला.

शुक्रवारी कळलं मला, आमच्याकडे कसं आहे ते. नोकरदारांचे पासपोर्ट असतात कंपनीत. गुरुवारी लोक ते मागायला गेले तर एचआरने विचारलं, पळून जाताय का? कर्जं बुडवून, एअरपोर्टवर गाड्या सोडून लोक पळत असताना कोण कुणाच्या हातात पासपोर्ट देईल? हे काय चंद्रशेखरकाकांना ठाऊक नव्हतं? ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्या हातात पासपोर्ट होते, पण व्हिसावर कॅन्सलचा शिक्का. म्हणजे जो जेवायला येतो त्याला मत नाही, आणि ज्याची नोकरी शाबूत आहे त्याला पासपोर्ट नाही. उरले स्वतःचा धंदा असलेले, चंद्रशेखरकाकांचे दोस्त.

बाबा रांगेत उभे राहून आले. मंडळाचे पहिले सभासद ते. मी त्यांचा पासपोर्ट उघडला, शिक्का बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, यांना मत देता येणार नाही. ते बरं म्हणाले आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले. तेव्हाच मी उठायला हवं होतं असं तू म्हणशील. पण मला वाटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, तर आपल्या माणसालाही सारखा असू दे.

आणि मग तुमची बस आली. सप्टेंबरात एकगठ्ठा सभासद करून घेतलेले, चंद्रशेखरकाकांच्या कंपनीतले, तुमच्या साइटवरचे गवंडी, फिटर, आंघोळ करून, गंध लावून. त्यांच्यापुढे तू, हातात कंपनीची निळी बॅग. माणूस टेबलापाशी आला की त्याच्या हातात त्याचा पासपोर्ट द्यायचास. मी फोटो बघायचे, ओळख पटली म्हणायचे. तो आत जाऊन मत द्यायचा आणि दाराबाहेर पडताना पासपोर्ट परत तुझ्या बॅगेत. एकाने तो क्षणभर हातातच धरून ठेवला, उघडून स्वतःचा जुना फोटो बघत राहिला, तर तू त्याला 'चलो चलो, यल्ला' म्हणालास. त्या माणसाला आतमध्ये कुणाला मत द्यायचं हे वेगळं सांगायला लागतं का रे? त्याचा घरी जायचा रस्ता त्या बॅगेत आहे. आणि समोर दादामहाराजांच्या फोटोला हार, उदबत्ती, सगळं कसं पवित्र. मला किळस आली, वेदांग. त्या हाराची, त्या शिऱ्याची, माझ्या स्वतःच्या आवाजाचीसुद्धा.

नीलिमामावशी पडली, हे तू ऐकलंसच. येत्या शुक्रवारपासून व्हिलाच्या दारात 'लीगल' सभासदाचं कार्ड बघून आत सोडणार आहेत. ती म्हणते, मी आपल्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये पातेलं घेऊन बसेन. तशी ती बसेलच.

रविवारी चंद्रशेखरकाकांचा बाबांना फोन आला होता, ते तुझ्याच सांगण्यावरून असणार. साइटवर नोकरी देतो, महिनाअखेरच्या आत व्हिसाचं काम सुरू करतो, पासपोर्ट तेवढा वेदांगकडे देऊन ठेवा. लगेच तुझा फोन. 'बी प्रॅक्टिकल, आई. आय विल कम ऑन थर्सडे अँड कलेक्ट इट.' तू चांगल्याच हेतूने करतोयस, मला कळतं. आम्ही जाऊ नये असं तुला वाटतं, तेही कळतं. पण बाबांचा पासपोर्ट त्या बॅगेत जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने आम्ही पुण्याला निघतोय. बाबांनीच ठरवलं, आणि किती दिवसांनी ते नीट जेवले.

तरी हे पत्र त्यासाठी नाही लिहिलं. सगळे गवंडी झाल्यावर शेवटी तू स्वतः टेबलापाशी आलास. मला वाटलं, तू खिशात हात घालशील. तू बॅगेत घातलास. त्यांच्यात शोधून तुझा काढलास, मला दाखवलास, मत दिलंस आणि परत त्यांच्यातच ठेवून चेन लावलीस. इतक्या सवयीने केलंस की तुझ्या ते ध्यानातही आलं नसेल. मी तुझ्या फोटोकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा फोटोकडे बघितलं. शेवटी कसंबसं म्हणाले, ओळख पटली. ते खोटं होतं. गुरुवारी ये, पण येण्याआधी चंद्रशेखरकाकांकडे तुझा पासपोर्ट माग. कशाला, असं विचारलं तर सांग, आईला बघायचाय. दिला नाही, तर तू कुठे नोकरी करतोस ते तुझं तुला कळेल. दिला, तर खिशात घालून घेऊन ये. तो मी दारातच उघडेन, तुझ्याकडे नीट बघेन आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणेन.

तुझी वाट बघत दारात उभी असलेली,
तुझीच आई