दुसऱ्या गड्याचा पोशाख

३ फेब्रुवारी, रविवार

तीन शॉट झाले. तिन्हींत दोघंही मीच!

पद्धत आता हातात बसलीय. कॅमेरा स्टँडवर घट्ट आवळायचा, जमिनीवर मधोमध सुतळी टाकायची. आधी सुतळीच्या डावीकडे मी – पहिला खाणकामगार. मग पोशाख बदलून उजवीकडे पुन्हा मीच – दुसरा. घरी कॉम्प्युटरवर दोन अर्धे जोडले की झाले दोघे. हेल्मेटच्या काळ्या काचेतून चेहरा दिसत नाही, हे ‘तळघर’ गेम बनवणाऱ्यांचे उपकार. फक्त सुतळी ओलांडायची नाही. एक बोट जरी पलीकडे गेलं तरी ते हवेतच कापलं जातं.

दोन डबे खाल्ले. आईला वाटतं, शूटिंगला लंब्याही येतो. म्हणून ती दर रविवारी दोन डबे देते, आणि वाटाणे सोडले तर मी दोन्ही संपवतो. पोट सुटायला लागलंय.

५ फेब्रुवारी

लंब्या शेवटचा आला त्याला दीड वर्ष झालं. शाळेपासूनचा मित्र. ‘तळघर’ आम्ही त्याच्या घरी खेळायचो, एकाच खुर्चीत अर्धे-अर्धे बसून. एकट्याने खेळलं की त्या गेमचा शेवट येतच नाही – दुसऱ्या गड्याला मशीन चालवतं आणि वरचं दार बंदच राहतं. दोघं खेळले तरच पहिला दुसऱ्याला पाठीवर घेऊन उजेडात येतो. आम्ही तो शेवट एकदाच पाहिला. केवढे ओरडलो होतो! त्याचा सिनेमा करायचा हे तेव्हाच ठरलं. मग त्याला मुलगी झाली, बदली झाली. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

आईला का सांगत नाही? कारण मग ती माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला नको. पस्तिशीचा घोडा, सुट्टीच्या दिवशी पडक्या शेडमध्ये स्वतःशीच खेळतो!

९ फेब्रुवारी

दुसरा पोशाख गुडघ्यात टरकला. आई म्हणाली, “नवाच शिवते. लंब्याचं माप आण.” चष्म्याच्या दुकानात, कामावर काचा घासताघासता चिठ्ठीवर माझंच माप लिहिलं आणि घरी येऊन दिली. तिने चष्मा वर करून वाचली.

“हे लंब्याचं?”

“हो.”

“बरं.” आणि मशीनकडे गेली.

आत्ता लिहिताना आठवतंय – लंब्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. जाऊ दे. आईला इतक्या वर्षांनी कुठलं लक्षात असणार.

१० फेब्रुवारी

वॉचमनने बातमी दिली. चार मार्चपासून शेड पाडणार. “तुमचं खेळणं आटपा साहेब तोवर.”

राहिलाय एकच सीन – शेवटचा. आणि नेमका तोच सुतळीने जमणारा नाही. स्वतःला पाठीवर कसं घेणार? दुसरा माणूस हवाच. एक माणूस, एक तास. बस्स.

१३ फेब्रुवारी

लंब्याला फोन केला. “अरे, अजून करतोयस ते? ग्रेट आहेस! बघतो, कळवतो.” मागून मुलगी काहीतरी मागत होती. एक मिनिट बारा सेकंद बोललो.

दुकानात माझ्या शेजारी फ्रेम बसवणारा म्हणाला, “रविवारी? एकच तर सुट्टी असते यार.” ‘तळघर’वाल्यांच्या ग्रुपवरही टाकलं. एक्केचाळीस जणांनी अंगठे दाखवले. येतो म्हणणारा एकही नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

कपड्यांच्या दुकानातून प्लास्टिकचा पुतळा मागून आणला. त्याला पोशाख घातला, पाठीवर घेतला. चार पावलांत त्याचा हात निखळून पडला. वॉचमन हसताहसता खालीच बसला. मीही हसलो. घरी येऊन शॉट पाहिला – एक माणूस कपाट वाहून नेतोय, दुसरं काही नाही. मग हसू आलं नाही.

आई डबे घासत होती. “लंब्यासुद्धा वाटाणे बाजूला काढायला लागला का रे? लहानपणी तर वाट्याच्या वाट्या खायचा.”

“वय झालं त्याचं,” म्हटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

लंब्याचा फोन नाही. शेडवर गेलो नाही. आईला सांगितलं, लंब्याला ताप आहे.

२७ फेब्रुवारी

ठरवलं. दार बंद, इथेच सिनेमा संपवायचा. एकट्याने खेळल्यावर संपतो तसा. फार एकटं वाटतंय आज. कुणाला सांगायचं म्हणून इथे लिहिलं.

जेवताना आईला म्हटलं, या रविवारी शेवटचं शूटिंग. तिने विचारलं, “शेवटी काय होतं त्यात?” शूटिंगच्या आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं! सांगितलं मी. खऱ्या गेममधला शेवट सांगितला.

“मग लंब्या तुला उचलणार?”

“मी त्याला.”

“कंबर सांभाळ.”

२ मार्च

पिशवी भरायला पोशाख काढले. दुसरा अंगात जाईना! खांद्यातच अडकला. उलटून पाहिला – शिवण उसवून चांगला चार बोटं आत घेतलाय, पायही आखूड केलेत. दोरा नवाकोरा. पुतळ्याला घातला तेव्हा नीट होता. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवणारी बाई, आणि असा घोळ? विचारायला गेलो तर ती झोपली होती.

३ मार्च, रविवार

आज एकच डबा भरला तिने, मोठा. दुसरा पोशाख स्वतःच्या पिशवीत टाकला आणि दारात चपला घालत म्हणाली, “दोन्ही मापं तुझीच होती. कापड कापायच्या आधीच कळलं मला.”

आज सुतळी टाकली नाही. आईला पाठीवर घेतलं. इतकी हलकी ती कधी झाली? तीन टेक झाले. पहिल्या दोनांत माझी काच आतून वाफेने भरली, दारच दिसेना. हेल्मेटमधून तिचा आवाज आला, “पुन्हा घे. मला कुठे जायचंय?”