सामानापाशी कुणीतरी

केलीव्हिल, सिडनी
रविवार, दुपार

प्रिय सुखदाताई,

तुझा मेसेज शुक्रवारी आला आणि तेव्हापासून तो मी पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. तू आणि गणेशराव मे महिन्यात क्रूझवर निघालात, तेही आम्ही गेलो होतो त्याच मार्गाने, हे वाचून आधी फार छान वाटलं. 'जहाजाच्या टूर न घेता बंदरांवर आपलं आपण कसं फिरायचं, हे तुलाच विचारायला हवं,' असं तू लिहिलंस तेव्हा तर मी फुशारूनच गेले. मग खालची ओळ वाचली. 'आईचं सगळं बघून झालंय, तेव्हा तिला मावशीकडे सोडून जातोय.' लगेच फोन करणार होते. पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आई शेजारच्या खुर्चीत, म्हणून हे पत्र.

आधी तू विचारलेलं सांगते. हातात एक साधं घड्याळ घाल आणि ते जहाजाच्या वेळेवर लाव, कारण फोन किनाऱ्यावरची वेळ पकडतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. पिसासाठी लिव्होर्नोला उतरायचं, तिथे बंदराच्या आत पायी चालू देत नाहीत. शटल बसने गावात जायचं, तिथून स्टेशन, मग पिसाची ट्रेन. रोमसाठी चिविताव्हेकिया नावाचं बंदर आहे, तिथून ट्रेन थेट व्हॅटिकनच्या जवळ सोडते. फ्रान्समधल्या मार्से बंदरावरून टेकडीवरच्या चर्चला साधी सिटी बस जाते. हे सगळं मी महिनाभर आधी शोधून ठेवलं होतं. इकडे आमच्या ग्रुपमध्ये सगळे जहाजाच्याच टूर घेतात, तर मी त्यातल्या माझ्या मैत्रिणीला, निहारिकाला, ऐकवलं होतं, छातीवर नंबरचं स्टिकर लावून त्या काठी उंच धरणाऱ्या गाईड बाईच्या मागे मी नाही हं जाणार. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान आहे, हे तुला ठाऊकच आहे.

इकडे सध्या भयंकर ऊन आहे. लॉन पार जळून गेलंय. आमच्या कादंबरीची शाळा सुरू झाली, सहावीत गेली, आणि मी मराठीत काही विचारलं की 'नो वरीज, ममा' म्हणून दार लावून घेते. नचिकेतचा प्रोजेक्ट संपत आलाय. काल मी त्याला म्हटलं, ताईला सगळं लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिही. माझंही नाव घाल त्यात." ते घालतेच आहे, पण सगळा प्लॅन माझा होता.

ती ट्रिप कशासाठी होती हे आपण कुणीच विसरलेलो नाही. गेल्या जुलैत आई इथे आल्या तेव्हा पेपर वाचताना ओळीतली मधली अक्षरं गायब होतात म्हणाल्या, म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजतोय, इंजेक्शनं देऊ, पण हळूहळू कमीच होत जाणार. त्यावर आई एवढंच म्हणाल्या, की बोटीतून युरोप बघायचं राहिलंय. तू रडत रडत मला फोनवर म्हणालीस, "मिताली, डोळे भरून बघू दे गं तिला." मी हो म्हटलं. आणि मी ते मनापासूनच म्हटलं होतं, ताई.

आता जी गोष्ट आधी कळायला हवी होती ती. जहाजाच्या टूरला बस असते आणि जड पिशव्या बसमध्ये राहतात. आपलं आपण फिरलं की सगळं आपल्याच खांद्यावर. पाण्याच्या बाटल्या, जॅकेटं, छत्र्या, कादंबरीची बॅग, चिवड्याची पाकिटं. वर जाताना, आत शिरताना मोठ्या पिशव्या घेऊन जाऊ देत नाहीत. मार्सेला टेकडीवर बसमधून उतरलो, पायऱ्या बघितल्या, आणि आई आपणहून म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी." आपल्याला यात काही वेगळं वाटतच नाही. देवळात गेलं की एक जण चपलांपाशी थांबतोच. आम्ही वर गेलो, फोटो काढले, खाली येईपर्यंत परतीची बस लागलेली होती. आई पिशव्या उचलून तयारच होत्या.

पुढच्या बंदरावर त्यांना म्हणावंही लागलं नाही. मीच आधी सावलीतला बाक शोधायचे. चांगला बाक सापडला की मला केवढं समाधान वाटायचं! रोमला नचिकेत म्हणाला होता, स्टेशनजवळ सामान ठेवायची सोय दिसतेय. त्यावर मी काय म्हणाले, तेही लिहिते. मी म्हणाले, "कशाला? आई आहेत ना." आई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी लगेच माझ्या हातातली पिशवी घेतली.

एका संध्याकाळी डेकवर बसलो होतो. खाली धक्क्यावर टूरच्या बसेस परत येत होत्या, स्टिकर लावलेले म्हातारे-म्हाताऱ्या आरामात उतरत होते. आईंनी मला हळूच विचारलं, "त्या काठीवाल्या बाईंची बस कुठपर्यंत नेते गं? अगदी दारापर्यंत?" मी हसले. म्हटलं, आई, मेंढरांसारखं काय फिरायचं! त्याही हसल्या आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्या का विचारत होत्या हे मला तेव्हा कळलं नाही. आता रोज भांडी लावताना कळतं.

आणि पिसा. तिथे सामान ठेवायला खोली होती, पण तिला रांग होती आणि मनोऱ्यावर चढायची आमची वेळ झाली होती. गावाची जुनी उंच भिंत आहे, तिच्या बाहेरच्या बाजूला दुकानं आहेत, तिथे सावलीत आईंना बसवलं आणि आम्ही धावलो. मनोरा भिंतीच्या आत आहे, ताई. आई अगदी भिंतीला लागून बसल्या होत्या, तिथून तो दिसत नाही. हे मी परत येताना पाहिलं. पाहिलं आणि म्हटलं, आता ट्रेन चुकेल, चला.

त्या रात्री तुझा फोन आला. 'मनोरा कसा होता गं आई,' असं तू विचारलंस. मी तिथेच केबिनमध्ये ओले मोजे वाळत घालत होते. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, पांढराशुभ्र, गोल गोल कमानी एकावर एक, आणि एका अंगाला असा कललेला." तू खूश झालीस. मी मोजे वाळत घालत राहिले. तुझ्या फ्रिजवर त्यांनी दिलेला तो पिसाचा मॅग्नेट आहे ना, तो त्यांनी शेजारच्या दुकानातून घेतला होता. मनोरा त्यांनी पाहिला तो तेवढाच.

दिवाळीत आई पुण्याला परत यायच्या आधी निहारिकाने ब्लॅकटाउनला तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं. तिच्या मोठ्या टीव्हीवर मी हौसेने फोटो लावले. आम्ही तिघं चर्चपुढे, आम्ही तिघं मनोऱ्यापुढे. निहारिका म्हणाली, "काकू कुठे आहेत? फोटो काकूंनीच काढले वाटतं, सो स्वीट!" आई अगदी सहज बोलून गेल्या, "छे गं, मी सामानापाशी होते. तुळजापूरला चपलांपाशी थांबतात तशी." सगळे हसले. निहारिकाची आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "पण तिथे पहिला बाहेर आला की दुसरा दर्शनाला जातो." मी रिमोटने पुढचा फोटो लावला. माझा चेहरा इतका तापला होता, की किचनमध्ये जाऊन नळाखाली मनगटं धरली.

हो ना, आपली तीच तर रीत आहे. जो थांबतो त्याला नंतर आत पाठवायचं. आम्ही अर्धी रीत घेऊन गेलो आणि उरलेली अर्धी एकाही बंदरावर आठवली नाही. नचिकेत म्हणतो, आईने बाकावर बसून माणसं बघितली, तिला मजा आली. आली असेल. त्यांनी मला एका जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलीही होती. पण असं म्हणून मला सुटायचं नाही. माणसं बघायला त्यांना कोथरूडमधला बाकही चालला असता.

त्यानंतर तू मला साडी पाठवलीस. 'माझ्या आईला जग दाखवलंस' असं चिठ्ठीत लिहिलंस. ती साडी मी अजून नेसले नाही. कपाट उघडलं की दिसते आणि मला माझीच लाज वाटते. हे मी असंच पोटात ठेवलं असतं, खरं सांगते, तेवढी मी भित्री आहे. पण आईंनी माझी अब्रू राखायला तुला जे सांगितलं, त्यावर विसंबून तू आता त्यांना मावशींकडे सोडून निघालीस. माझ्यामुळे त्या दुसऱ्यांदा मागे राहणार.

तर ताई, आईंना मावशींकडे सोडू नकोस. डॉक्टर परवाच तुला म्हणाले ना, मधलं धूसर झालंय, पण कडेचं अजून बरं दिसतं? मनोरा मोठा आहे, कडेनेही दिसेल. तिघांची तिकिटं काढ. सगळ्या बंदरांवर जहाजाची टूर घे, दारापर्यंत नेणारी, आईंच्या छातीवर ते नंबरचं स्टिकर तू लाव. मी सुट्टी टाकली आहे, जहाज जिथून सुटतं त्या बार्सिलोनाला तुम्हाला येऊन मिळते. तू नको म्हणालीस तरी तुझं चुकणार नाही. पण हो म्हणालीस, तर पिसाला त्या भिंतीच्या बाहेर मला जागा माहीत आहे, तिथे मी बसते. सगळ्यांच्या पिशव्या माझ्याजवळ द्या, आईंचा हात धरून आत जा, आणि बाहेर यायची अजिबात घाई करू नका.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
मिताली