मनकर्णाची वही

चांदा, दि. १२ डिसेंबर १९५७

चि. सौ. मनकर्णा हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीने धरतो, तरी बोडीच्या पाण्यात उतरायचं सोडत नाही. आरमोरीकडे धान कापून झाले असतील. जावईबापूंना नमस्कार.

तुझ्या लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी आपणहून पत्र लिहिलं नाही, म्हणून घाबरशील. कुणाला काही झालेलं नाही. मला डॉक्टरेट मिळाली. विषय, माशांच्या अंगावरचे किडे.

तुझ्या लग्नाआधी मी कॉलेजातून उन्हाळ्यापुरता आणलेला मायक्रोस्कोप ओसरीवर असायचा, आणि त्याच्यापुढे माझ्यापेक्षा तूच जास्त बसायचीस. रोहूवरच्या किड्याच्या पोटात पिल्लू आणि त्या पिल्लाच्याही पोटात पिल्लू पाहून तू ओरडलीस, "भाऊ, आजीच्या पोटात माय, मायच्या पोटात लेक!" मग महिनाभर एकेका मासोळीवरच्या किड्यांचे बारीक हूक वहीत काढत राहिलीस. एकदा म्हणालीस, "मासोळीची ऊ दगडावर अंडी घालते. पिल्लू निघालं का भेटन त्या मासोळीले धरते, म्हणून सगळ्याइवर एकच ऊ. हा किडा लेकीले आपल्याजवळच जन्म देते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीवर राहून रोहूचा येगळा झाला, शिंगी मासोळीचा येगळा."

मी हसलो. "काहीबी बोलून राह्यली! अजून मॅट्रिक नाई झाली."

त्याच वर्षी आपले बापूजी म्हणत होते, पोरीला नागपूरला शिकू द्यावं. स्थळ हातचं जाऊ देऊ नका, असं मीच त्यांना सांगितलं. हे तुला आजवर कुणी बोललं नसेल.

लग्नानंतर तू दोनदा वही मागितलीस. वाळवीने खाल्ली, असं मी कळवलं.

मना, वही माझ्या टेबलावर होती. प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे तीच वही. परीक्षकांनी विचारलं, "चित्रं कुणी काढली? हात सुरेख आहे." मी म्हणालो, "मीच."

गेल्या महिन्यात मार्गदर्शकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "बहिणीचे आभार छापा, झालं." चार दिवस मला तेवढं पुरलं. पाचव्या दिवशी विद्यापीठाला सगळं लेखी कळवलं. पदवी राहते की जाते, बघू. तुझी सहा वर्षं मात्र त्यांच्याकडेही नाहीत.

कापडवाले रफीकभाई बाजाराला तिकडे येताहेत, त्यांच्यासोबत वही पाठवतो. पहिलं पान नाही. त्यावर तुझं नाव होतं. ते मी फाडलं.

तुझ्या अकलेवर डॉक्टर झालेला,
गुणवंत