सोंगशोधकाचे पंधरा दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. मोठी माणसे लिहितात, मला उशीरच झाला.

'राक्षसझुंज' या ऑनलाइन खेळात काल सलग तिसऱ्यांदा हरलो. तिन्ही वेळा सरडोबामुळे. हा राक्षस स्वतःच्या रूपात मैदानात येतच नाही. स्वतःच्या टीममधल्या दुसऱ्या कोणा राक्षसाचे सोंग घेऊन येतो. आपल्याला वाटते डोंगऱ्या आला. आपण डोंगऱ्यावर चालणारा डाव टाकतो, मग मुखवटा गळतो आणि खाली हा हिरवा हलकट. माझी चूक शून्य. चूक स्क्रीनची आहे.

स्क्रीन दोन्ही बाजूंनी बिनडोक आहे. एक म्हणजे, सोंग चालू असताना राक्षसावर बोट दाबून धरले की बारीक चौकटीत त्याची खरी ताकद दिसते. ज्यांना ही चोरवाट माहीत आहे त्यांचे फावते. (मला माहीत होती. दाबायचे राहून गेले.) दुसरे म्हणजे, सरडोबाने डोंगऱ्या बनून विष फेकले, तर माझ्या स्क्रीनवर 'डोंगऱ्या विष फेकतो' अशी नोंद होते आणि मुखवटा गळल्यावरही तशीच राहते. खरा डोंगऱ्या बिचारा मागे बसलेला. त्याने आयुष्यात विष पाहिलेले नसते.

खेळ चालवतात तीस-एक हौशी लोक. मुख्य रविराज, पुण्याचा. त्याने ग्रुपवर टाकले आहे की सोंगाचा हा प्रश्न दोन्ही खेळाडूंना न्याय मिळेल असा सोडवा. १६ तारखेला रविवारी अकरा वाजता डेमो. ज्याचा उपाय पसंत पडेल तो स्क्रीन विभागाचा प्रमुख, पगारी.

निवडीची एवढी नाटके कशाला हे कळत नाही. सरळ मला सांगायचे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांपुढे विषय काढला. मुलाचे करिअर ठरते आहे म्हटल्यावर बापाने शेंगा फोडणे थांबवायला हवे होते. थांबवले नाही. पुण्याहून परत येऊन मला दोन वर्षे झाली, याची आठवण मात्र करून दिली. तेलगावला आसाराममामाचे कृषी सेवा केंद्र आहे, त्याला काउंटरवर माणूस हवा आहे, हेही पुन्हा ऐकवले.

मी शांतपणे समजावले की माझ्यासारख्याने अळीच्या औषधाच्या बाटल्या विकणे हे राष्ट्रीय नुकसान आहे.

आप्पा म्हणाले, "सोळा तारखेपस्तोर बघतो. न्हाई झालं तर सतराला तेलगाव. मंग कावून-फिवून इचारायचं न्हाई."

ठीक. तेरा दिवस म्हणजे मला जास्तच आहेत. धाकटी बहीण तेजश्री अंबाजोगाईला बी.ए. करते. तिने विचारले, राक्षस जिंकला तर बक्षीस राक्षसाला मिळते की तुला? बी.ए.वाल्यांशी वाद घालायचा नसतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कल्पना सुचली. नाव: सोंगशोधक. समोर आलेल्या राक्षसाचा जरा संशय आला की त्याच्या डोक्यावर लाल प्रश्नचिन्ह. बस. घाटनांदूरमध्ये बसून हे सुचणे सोपे नाही.

ग्रुपवर टाकले. प्रतिसाद थंड. मोहिनी नावाच्या कोणी मुलीने लिहिले की लपणे हाच सरडोबाचा गुण आहे, तो स्क्रीनने फोडला तर सरडोबावर अन्याय. तिच्या मते आधी ती बोटाची चोरवाट बंद करावी. नोंदींचे काय करायचे ते तिला अजून सुचलेले नाही. म्हणजे अर्धा उपाय आणि पूर्ण अक्कल.

लोकांना मला उघड पाठिंबा द्यायला संकोच वाटत असावा. त्यांच्या वतीने मीच 'न्यायप्रिय_९९' या नावाने एक अकाउंट उघडले आणि माझ्याबद्दल 'शिवशंकर यांची दृष्टी दूरची आहे' असे लिहिले. याला सोंग म्हणता येणार नाही. हे मत आहे, आणि माझे प्रामाणिक मत आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १

अपमानास्पद प्रकार. लिहावे की नाही. लिहितो, कोण वाचणार आहे.

दहा वाजता दारात पोलीस. खाकी, पट्टा, काळा चष्मा, हातात कागद. दरडावून विचारले, घरातला कॉम्प्युटर कोण चालवतो? मी आधी कायद्याची बाजू मांडली, मग सगळे कबूल केले. न्यायप्रिय_९९ माझेच आहे, आणखी एक अकाउंट आहे, ते अजून वापरलेले नाही, आजच बंद करतो. तो सगळे लिहून घेत होता. मग त्याने वॉरंट वाचले: तुमच्या कोंबडीने शेजारच्या अंगणात जाऊन अंडे घातले, अंडे फितूर निघाले, कोंबडी फरार आहे, सबब घरमालकाने हजर व्हावे.

तेजश्री उंबऱ्यात बसून हसत होती. बहुरूपी होता. राधाकिशन त्याचे नाव, दर साली सुगीनंतर येतो म्हणे. मला वेळच कुठे असतो अशा गोष्टी लक्षात ठेवायला.

मी ओळखले नाही असे नाही. मी त्याला संधी दिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

राधाकिशन तीन दिवस गावात हिंडला. रविवारी डॉक्टर, सोमवारी ग्रामसेवक. आज साध्या धोतरात आला, स्वतःचे नाव-गाव सांगितले, आणि मग घरोघरी बिदागी मागितली. तेजश्रीने सूपभर ज्वारी घातली. मी म्हटले, शनिवारीच मागायची ना, पोलिसाला घाबरून लोकांनी जास्त दिले असते.

त्यावर म्हातारा मलाच शिकवायला बसला. सोंगात असताना हात पसरायचा नाही, हा त्यांचा नियम. सोंग असेपर्यंत ते पुरते वठवायचे, पण शेवटच्या दिवशी दारात उभे राहून सांगायचे की झालेले सगळे मी केले.

"तुमाला दम दिला तो मी दिला. पोलिसानं न्हाई दिला. त्याच्या नावावर कावून ऱ्हावं ते? ज्याचं त्याच्या नावावर टाकून जायचं, मंगच पुढल्या साली गाव दारात उभं करतं."

मोठा नियमवाला. असल्या माणसाला इंटरफेस म्हणजे काय हे विचारा. उद्या तो पुढच्या गावाला जाणार म्हणाला. सुटलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ग्रुपवर करमणूक म्हणून बहुरूप्याचा किस्सा टाकला. (मी घाबरलो तो भाग वगळून.) लोक हसतील असे वाटले होते. मोहिनी हसली नाही. तिने लिहिले की हाच तर राहिलेला अर्धा उपाय आहे. सोंग चालू असेपर्यंत स्क्रीनने काहीही फोडू नये, आणि मुखवटा गळला की त्या काळातली प्रत्येक नोंद आपोआप खऱ्या नावावर न्यावी. विष सरडोबाच्या नावावर, डोंगऱ्या निर्दोष. वर मला धन्यवाद दिले.

रविराजने खाली अंगठा टाकला. अंगठ्याने काय होते. न्यायप्रिय_९९ ने लगेच लिहिले की खेड्यातल्या भटक्यांच्या गप्पांवरून सॉफ्टवेअर बनत नसते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संकल्प: यापुढे कोणाच्याही सोंगाला फसायचे नाही. आयुष्यात नाही. नजर तयार झाली आहे. आज रस्त्यावरच्या तीन माणसांकडे पाहूनच मला त्यांच्याबद्दल संशय आला. तिघेही निघाले गावातलेच, पण नजर कशी तयार होते ते यावरून दिसते.

सोंगशोधकाचा कोड निम्मा झाला. निम्मा म्हणजे प्रश्नचिन्हाचा रंग.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळी ५

दुपारी मीटरमधून ठिणग्या आल्या. वायरमनने येऊन मीटरच काढून ठेवला. घरात वीज नाही. लॅपटॉप ८१ टक्के. तेजश्री म्हणाली, शेजारी कडूबाईंकडे चार्जिंगला लाव. विभागप्रमुखाने चार्जर घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभे राहायचे? ८१ टक्के पुरतात.

चाचणी म्हणून सहा झुंजी खेळलो. पाच हरलो. सोंगशोधक चालू होता, त्यामुळे हरताना निदान पूर्वसूचना मिळत होती. बॅटरी ३४.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८

मोठा दिवस. आप्पा चहाच्या वेळी काहीतरी सांगत होते, साहेब, हातापाया, दहा वाजता वगैरे. कानात हेडफोन होता. मान हलवली. ते शेतात गेले, तेजश्री त्यांच्यासोबत. घर शांत.

सकाळी १०.२०

जिंकलो. पूर्वतयारीचा विजय.

दहाला दारात माणूस. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, जाड काळ्या मिशा, मागे पिशवी घेतलेला एक जोडीदार. म्हणे वीज कंपनीचे, मीटर बसवायला आलो. मी मनातल्या मनात हसलो. राधाकिशन! ज्वारी संपलेली दिसते. आणि किती कच्चे काम. आज रविवार. रविवारी कोणता सरकारी माणूस स्वतःच्या पायांनी काम करायला येतो? इथेच तो सापडला.

मी म्हटले, सोंग छान आहे, कोंबडी सापडली का? तो आवाज चढवून बोलू लागला, आप्पांनी काल हातापाया पडून सांगितले म्हणून सुटीचे आलो, म्हणाला. पाठांतर चांगले होते. मी पुढे झालो आणि त्याची मिशी धरून ओढली.

निघाली नाही. चांगल्या प्रतीचा डिंक वापरतात हल्ली. पुन्हा ओढली.

जोडीदाराने मला बाजूला केले. मिशीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होते. तो एवढेच म्हणाला, "आप्पांकडं बघून जातो. न्हाई तर आज तुमी आतच गेलता." दोघे मीटर घेऊन निघून गेले. शेवटपर्यंत सोंग सोडले नाही, हे मात्र मानावे लागेल.

बॅटरी १९. काही हरकत नाही.

सकाळी ११.४०

डेमोचा वृत्तांत, जसा घडला तसा.

आधी मोहिनी. तिच्या स्क्रीनवर काहीच दिसत नव्हते, ना प्रश्नचिन्ह ना रंग. सरडोबा डोंगऱ्या बनून आला, बोट दाबले तरी डोंगऱ्याच दिसला. मार बसला, मुखवटा गळला, आणि नोंदी मुकाट्याने उठून सरडोबाच्या नावाखाली जाऊन बसल्या. लोकांनी टाळ्यांची चित्रे पाठवली. लोकांना साधेपणाचे फार.

मग मी. रविराजचा डोंगऱ्या आला, अस्सल. लाल प्रश्नचिन्ह. त्याची वीजघार आली, अस्सल. लाल प्रश्नचिन्ह. पाच अस्सल राक्षस, पाच प्रश्नचिन्हे. सहावा आला त्याच्यावर काहीच नाही. मी म्हटले, पाहा, हा खरा. तो सरडोबा होता.

मी खुलासा करणार तेवढ्यात बॅटरी संपली. फोनवरून घाईने ग्रुपवर लिहिले: 'माझा लॅपटॉप बंद पडला आहे, प्रश्नचिन्हे उलटी पडली एवढेच, पाच मिनिटांत डेमो पुढे सुरू करतो.' गेले. वर नाव पाहिले.

न्यायप्रिय_९९.

दुपारी १२.१०

अजून कोणी काही बोललेले नाही. बहुधा कोणाच्या लक्षात आले नाही.

दुपारी १

आले. रविराजने एकच ओळ लिहिली: 'मोहिनीचा उपाय पसंत. आजपासून लागू.' आणि खाली, कसे केले देव जाणे, न्यायप्रिय_९९ चे सगळे जुने मेसेज माझ्या नावावर गेलेले. 'शिवशंकर यांची दृष्टी दूरची आहे. शिवशंकर.' भटक्यांच्या गप्पांवाला मेसेजही. त्याखाली मोहिनीने लिहिले आहे, 'राधाकिशन यांना आमचा नमस्कार सांगा. त्यांचे नाव श्रेय-यादीत टाकले आहे.'

त्यांचे. बहुरूप्याचे. यादीत माझे नाव दोनदा शोधले.

सायंकाळी ६

आप्पा आले. वाटेत त्यांना मिशीवाले साहेब भेटले होते. आप्पा ओरडले असते तर बरे झाले असते. ते अंधाऱ्या खोलीत खाटेवर बसून राहिले. मग म्हणाले, "त्या माणसाला मी सुटीचं बोलावलतं रे. तुझं ते अकरा वाजताचं हाय म्हणून."

लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण हे असे फार वेळा होत नाही.

तेजश्रीने मामाला फोन लावून दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार. तेलगाव, दुकान. दुपारी ४

ही व्यवस्था तात्पुरती आहे. मामाने औषध कंपनीचा हिरवा टी-शर्ट दिला आहे, पाठीवर भली मोठी अळी, डोक्यावर टोपी. लोक मला साहेब म्हणतात आणि बोंडअळीवर सल्ला मागतात. मी आत्मविश्वासाने देतो. मग मामा बाहेर येऊन दुसरा देतात.

आज एक म्हातारा हरभऱ्याचे बियाणे घ्यायला आला. साधे धोतर, पटका. मी ओळखले नाही. त्याने मात्र लगेच ओळखले. राधाकिशन. घरी थोडे रान आहे म्हणाला, पेरणी राहिली आहे. मी त्याला श्रेय-यादीचे सांगितले, मोहिनीचा नमस्कारही. त्याने शांतपणे ऐकले आणि ते कुठल्या गावाला असते ते विचारले.

मग दोन पावले मागे सरून त्याने मला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिले. मागे फिरवून पाठीवरची अळीही बघितली. जाणकार माणूस दुसऱ्याचे काम बघतो तसे.

"लई बेस जमलंय," तो म्हणाला. "किती दिवसाचं सोंग हाय?"

मी म्हणालो, दोन-तीन आठवड्यांचे.

आतून मामा म्हणाले, कायमचे आहे, आणि बियाण्याची पिशवी नीट बांधून दे.

बांधून दिली.