तांब्याभर पाणी

कळमनुरी, रंगपंचमी, १९४८

रझाकारांनी तांडा जाळला, म्हणून यंदा गावात कुणी रंग खेळलं न्हाई. अण्णा तिथल्या मढ्यांना अग्नी देऊन दारात आले, तोच वहिनीनं तांब्याभर पाणी सासऱ्यांच्या तोंडावर मारलं. वहिनी पोलंडची, दादानं कोल्हापूरच्या छावणीतून लग्न करून आणलेली. आज तिच्याकडं ईस्टरचा दुसरा दिवस, घरच्यांना असंच भिजवतात. हसून राहिली होती बिचारी. अण्णांनी तोच तांब्या तिच्या कपाळावर हाणला. रक्त पुसत म्हणाली, "आमचं गाव जाळलं, त्या वर्षीबी आमी पाणी खेळलो."

काहून मारलं तिला? रझाकारांवर हात उठला न्हाई म्हणून?

तांब्याला पोचा पडलाय. जेवताना अण्णांनी पाणी मागितलं. मी तोच तांब्या भरला अन् त्यांच्या तोंडावर रिकामा केला. मी हसले न्हाई.